कारखान्यांच्या सागरातली तीन बेटं

श्रोतेहो, पॅसिफिक महासागरात मार्क्वेसास नावाचा द्वीपसमूह आहे. सर्वांत जवळच्या खंडापासून हजारो किलोमीटर दूर. तिथल्या जुन्या देवस्थानांचे दगडी चौथरे आणि ‘टिकी’ नावाच्या पाषाणमूर्ती पाहायला माणसं जगभरातून जातात. २०२४ मध्ये ही बेटं जागतिक वारसा यादीत आली. तिथवर जाणं माझ्यासारख्याच्या ऐपतीतलं नाही. पण आपल्या पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यातही अशी तीन बेटं आहेत, आणि तिथे जायला दुचाकी पुरते.

घोरावडेश्वर, भंडारा आणि भामचंद्र हे ते तीन डोंगर. सभोवार पत्र्याच्या शेड, कंटेनर आणि तीन पाळ्यांचे भोंगे. मध्येच हे डोंगर वर डोकं काढून उभे.

घोरावडेश्वर जुन्या मुंबई-पुणे रस्त्याला लागूनच आहे. पायऱ्या चढून गेलं की बौद्ध लेणी लागतात. आज तिथे महादेवाची पिंड आहे, महाशिवरात्रीला जत्रा भरते. तिथल्या एका ब्राह्मी लेखात धेनुकाकट गावच्या एका नांगरधारी शेतकऱ्याच्या पत्नीने लेणं दान दिल्याची नोंद आहे. राजा नाही, सावकार नाही, शेतकऱ्याची बायको! मला त्या बाईचं मोठं कौतुक वाटतं.

भंडाऱ्यावरही जुनी लेणी आहेत. पण हा डोंगर ओळखला जातो तो तुकोबांमुळे. १६३०च्या दुष्काळात घरदार उद्ध्वस्त झालेला हा वाणी एकांत शोधत या डोंगरांवर आला. माघ शुद्ध दशमीला इथे आजही मोठा सोहळा होतो. वर उभं राहिलं की खाली इंद्रायणी दिसते.

भामचंद्र चाकणच्या बाजूला, शिंदे-वासुलीजवळ. पंधराव्या दिवशी तुकोबांना साक्षात्कार झाला तो इथे, अशी वारकऱ्यांची श्रद्धा. इथल्या गुहांत राहून ज्ञानेश्वरी आणि गाथेचा अभ्यास करणारे साधक मी पाहिले आहेत. मी वर गेलो तेव्हा एका तरुणाने नाव विचारलं. मी सांगितलं. तो म्हणाला, “बसा चाचा, पाणी घ्या.” पुढचं काही विचारलं नाही.

मला त्यात नवल वाटलं नाही. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी अनगडशाहबाबांच्या दर्ग्यापाशी थांबते, तिथे अभंग-आरती होते. फकिराच्या कटोऱ्यात तुकोबांच्या लेकीने चिमूटभर पीठ घातलं आणि तो भरून वाहिला, ही कथा आमच्या घरात आजीही सांगायची.

मात्र बेटांना सागर गिळूही शकतो. २००८ साली शिंदे-वासुलीत डाऊ या अमेरिकी रसायन कंपनीच्या संशोधन केंद्राला वारकऱ्यांनी आणि गावकऱ्यांनी कडाडून विरोध केला. जाळपोळही झाली, ती वाईटच. पण प्रकल्प अखेर तिथून गेला. मी कारखान्यांच्या विरोधात नाही. याच कारखान्यांनी माझ्या वस्तीतल्या कितीतरी चुली पेटत्या ठेवल्या. पण दगड हवा म्हणून डोंगर फोडला, तर लेणं दुसरीकडे कोरता येत नाही, आणि एकांत कुठल्याच कारखान्यात तयार होत नाही.

तेव्हा श्रोतेहो, येत्या सुट्टीच्या दिवशी मुलांना घेऊन यातला एखादा डोंगर चढा. पाण्याची बाटली न्या आणि ती परत आणा. वर गेल्यावर मोबाइल थोडा वेळ खिशात ठेवा. खालून भोंगा ऐकू येईलच. तो थांबला की काय ऐकू येतं, तेवढं मात्र मुलांना विचारा.