दुसऱ्याला काय दिसतं, ते मोजता येतं का?

सुरतच्या महिधरपुऱ्यातला हिरेबाजार. कागदाची घडी उलगडून दलाल हिरा चिमट्यात धरतो नि त्यातली पिवळसर झाक निरखतो. रंगाची प्रत डीपासून झेडपर्यंत. डी म्हणजे रंगहीन. शेजारच्या दोन प्रतींतला फरक इतका पुसट, की प्रयोगशाळेत हिरा पालथा ठेवून, ठरावीक प्रकाशात, नमुन्याच्या हिऱ्यांशी ताडून पाहतात.

पण पारख्याला दिसलेली झाक ही त्याची त्यालाच ठाऊक. विज्ञान तिथवर पोचेल कसं? जर्मन शास्त्रज्ञ गुस्ताव फेश्नर यांनी १८६० मध्ये वाट दाखवली. अनुभव थेट हाती लागत नाही; पण प्रकाश वा वजन किती बदललं म्हणजे माणसाला फरक जाणवतो, हे मोजता येतं. दहा जणांची उत्तरं पडताळताही येतात.

जिथे उत्तरच मिळत नाही, तिथे काय? अपघातानंतर कसलाच प्रतिसाद न देणाऱ्या एका तरुणीला मेंदूसंशोधक एड्रियन ओवेन यांच्या गटानं टेनिस खेळत असल्याची कल्पना करायला सांगितलं. स्कॅनमध्ये तिच्या मेंदूतला हालचालींशी निगडित भाग निरोगी माणसांसारखाच सक्रिय झालेला दिसला. हे संशोधन २००६ मध्ये प्रसिद्ध झालं.

म्हणजे अनुभव कधी येतो, किती येतो, मेंदूत तेव्हा काय घडतं, हे विज्ञान तपासू शकतं. त्या घडामोडींतून अनुभव मुळात का उपजतो, याचं सर्वमान्य उत्तर मात्र अजून कुणाकडे नाही.