मैत्रीण आणि कायदा
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी कायद्याची जाणकार नव्हे. आज जे सांगणार आहे, ते माझा पाय मोडला म्हणून मला कळले.

2025 च्या संक्रांतीला हळदीकुंकवाहून परतताना मी मैत्रिणीच्या स्कूटरवर मागे बसले होते. तिने एका हाताने मोबाईल कानाला लावला. "अगं, गाडी थांबवून तरी बोल," असे मी दोनदा म्हटले. वळणावर गाडी दुभाजकावर आदळली. तिला नुसते खरचटले, माझ्या नडगीचे हाड मोडले. दवाखान्याच्या दारात ती माझ्या कानाशी लागली, "न्हाणीघरात पाय घसरला म्हणून सांग हं, नाहीतर पोलीस येतील." वीस वर्षांचा शेजार! मी तसेच सांगितले आणि डॉक्टरांनी तसेच लिहून घेतले.

पुढे ऑपरेशन झाले, पायात सळई बसली, घरातली शिल्लक संपली. ती दोनदा संत्री घेऊन आली आणि मग यायचीच बंद झाली. संत्र्यांनी काय सळईचे पैसे फिटतात?

शेवटी लेकीने मला कोर्टाच्या आवारातील तालुका विधी सेवा समितीकडे नेले. 1987 च्या कायद्याने स्त्रीला, तिची मिळकत कितीही असो, वकील फुकट मिळतो. आपल्यापैकी किती जणींना हे ठाऊक आहे? वकीलबाई आधी त्या खोट्या कागदावरून रागावल्या, मग त्यांनी समजावून सांगितले. वाटा दोन, आणि दोन्ही वेगळ्या. एक फौजदारी. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. हयगयीने गाडी हाकणे हा तिच्यात गुन्हा आहेच. शिवाय हाड मोडणे ही कायद्याने जबर दुखापत, आणि हयगयीने ती केल्यास कलम 125 खाली तीन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. फिर्याद कुठल्याही ठाण्यात नोंदवता येते, तिची प्रत फुकट मिळते.

दुसरी वाट भरपाईची. त्यासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अपघातापासून सहा महिन्यांत अर्ज करावा, असे कायद्यात आहे. माझे चार तर रडण्यातच गेले होते. गाडीचा नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर मागे बसलेल्याचे पैसे कंपनी बहुधा देत नाही, ते मालकावर येतात. तिचा विमा पॅकेजचा निघाला. म्हणजे पैसे तिच्या संसारातून जायचे नव्हते! हे तिलाही ठाऊक नव्हते, नाहीतर खोटे बोलायला सांगितलेच नसते, असे मला अजून वाटते.

मी पोलिसांना खरे सांगितले, दवाखान्यात खोटे बोलले तेही सांगितले. वळणावरच्या शहाळेवाल्याने मला उचलले होते, त्याने जबाब दिला. कंपनीचा वकील मात्र तो दवाखान्याचा कागद अजून नाचवतो आहे. लोकअदालतीत तडजोड व्हावी अशी खटपट चालू आहे.

फिर्याद दिल्यापासून ती मंडळात येत नाही. तिला बोलवायला कोणी जाणार असेल तर माझी हरकत नाही, हे सर्वांसमक्ष सांगते. फिर्याद मात्र मी मागे घेणार नाही.