चित्रफीत अडखळते, दोष कोणाचा?



गेल्या स्नेहसंमेलनाची चित्रफीत आमच्या एका विद्यार्थिनीने घरच्या संगणकावर जोडायला घेतली. पडद्यावर चित्र अडखळू लागले. आपल्याच हातून बिघडले असे समजून ती सारे पुसून टाकायला निघाली होती. वडिलांनी वेळीच अडवले म्हणून बरे! पुढे तयार झालेली फीत सुरळीत चालली.

मित्रांनो, दोन गोष्टींत गल्लत करू नका. जोडताना चित्र अडखळते, ती संगणकाची दमछाक. पुष्कळ मोबाईलचे चित्रण एच. २६५ पद्धतीने घट्ट आवळलेले असते. ते उलगडणे जुन्या संगणकाला जड जाते. अशा वेळी हलकी प्रत, म्हणजे प्रॉक्सी, करून तिच्यावर काम करावे. शेवटची फीत मात्र मूळ चित्रणावरूनच काढावी.

तयार फीतच धूसर, चौकटी-चौकटींची दिसली, तर बिटरेट तपासा. १०८० रेषांच्या, सेकंदाला ३० चित्रांच्या फितीसाठी यूट्यूब सेकंदाला ८ मेगाबिट सुचवते. म्हणजे मिनिटाला सुमारे ६० मेगाबाईट. चित्रण ३० चे आणि प्रकल्प २५ चा ठेवला, तर हालचालीत झटके येतात. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून आलेली फीत आधीच दाबलेली असते. ती डॉक्युमेंट म्हणून मागवावी.

आणि पालकहो, मूळ चित्रण जपा. फीत पुन्हा जोडता येते. पुसलेले मूळ परत येत नाही.