मिकी मॅन्टलचे चित्र



जिन्नस दुर्मिळ तितका महाग, असे आपण धरून चालतो. अमेरिकेतील बेसबॉलपटूंच्या जुन्या चित्रांपुढे हा हिशेब फसतो. खेळायच्या पत्त्याहून किंचित मोठी, जाड कागदावरची ही चित्रे. १९५२ साली टॉप्स कंपनीने ती च्युइंगगमच्या पुड्यांत घातली. शेवटचा हप्ता हंगाम सरताना आला आणि पडून राहिला. उरलेल्या पेट्या १९६० साली आपण अटलांटिकमध्ये बुडविल्या, असे ती चित्रे रचणारे साय बर्गर सांगत. येथवर हिशेब जमतो. पण त्याच हप्त्यात मिकी मॅन्टलचे चित्र शेजाऱ्यांच्या दुप्पट छापलेले! बरे, त्याचे ते पहिलेही नव्हे. पहिले १९५१ चे, बोमन कंपनीचे. तरी २०२२ साली एक प्रत १ कोटी २६ लक्ष डॉलरांना गेली. कमी छापलेले शेजारी कितीतरी खाली राहिले. लोकांचा लोभ मॅन्टलवर!

गंमत पुढेच आहे. त्या प्रतीला दहापैकी साडेनऊ गुण होते, म्हणजे ती कुणी फारशी हाताळलेलीच नव्हती. ज्या पोराने मॅन्टलला खिशात घेऊन उन्हाळा काढला, त्याच्या प्रतीचे कोपरे झिजले. तिला भाव कमी येतो.