येवल्याची संक्रांत



मी सातवी शिकलेली. भाषण कसले, आमच्या येवल्याच्या पतंगांचे सांगते. भोगी, संक्रांत, कर, तिन्ही दिवस आम्ही गच्चीवर. यंदा संक्रांतीला समोरच्या मावशींनी माझा पतंग कापला नि ओरडल्या, "वकाट! सूनबाई, तू आपल्या गुळपोळ्याच लाट!" मी म्हटले, "मग तीळगूळ नाही हं तुम्हाला!" सारी गल्ली हसली.

एवढ्यात त्यांच्या आसारीवर नायलॉनचा मांजा दिसला. २०१७ पासून त्याला बंदी. सुती मांजा ताणला की तुटतो. हा तुटत नाही, गळा चिरतो. मी तसे बोलले, मावशी रुसल्या. सणासुदीला अबोला! रात्रभर मला चैन नव्हते.

करीच्या सकाळी मावशी रिकामी आसारी घेऊन दारात उभ्या. "सुती मांजा उसना दे गं. तुझाच पतंग कापायचा आहे."