संथ चालणारे चित्र आणि संगणकाचा ड्रायव्हर

(प्राथमिक शिक्षकांपुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



जिल्हा परिषदेच्या एखाद्या शाळेत त्रिमितीय आकारांचा पाठ चालू आहे अशी कल्पना करावी. शिक्षकाने संगणकावर जिओजेब्रा उघडले आहे आणि पडद्यावरील घन फिरवून त्याच्या कडा व शिरोबिंदू मुलांकडून मोजून घ्यावयाचे आहेत. परंतु घन सरळ फिरत नाही. तो अडखळतो, क्षणभर थांबतो व एकदम उडी मारून भलत्याच बाजूस जातो. नुकतीच मोजलेली कड कोणती, हे मुलांना कळेनासे होते. शिक्षक म्हणतात, "आज नेट स्लो आहे", आणि संगणक बंद करून फळ्याकडे वळतात. असे चार वेळा घडले म्हणजे संगणक निकामी ठरतो व कपाटात जातो.

यात दोन प्रकारची हानी होते. एक तर हातात येऊ शकणारे साधन मुलांच्या हातून जाते. दुसरे असे की, २२ जून २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' या शासननिर्णयानंतर राज्यातील अनेक शाळांनी लोकवर्गणीतून संगणक व प्रोजेक्टर घेतले. धान विकून आलेल्या पैशातून ज्या पालकाने वर्गणी दिली, त्याच्या दृष्टीने कपाटातील संगणक ही साधी गोष्ट नव्हे. म्हणून यंत्राला निकामी म्हणण्यापूर्वी दोष नेमका कोठे आहे, हे पाहणे अगत्याचे आहे. पुष्कळदा तो यंत्रात नसून ड्रायव्हर नावाच्या एका लहानशा आज्ञावलीत असतो.

चित्र कसे उमटते

१३६६ गुणिले ७६८ ठिपक्यांच्या पडद्यावर एकंदर १०,४९,०८८ ठिपके असतात. चित्र सुरळीत हलताना दिसावे यासाठी ते सेकंदास ६० वेळा नव्याने काढावे लागते. म्हणजे दर सेकंदास सुमारे ६ कोटी २९ लक्ष ठिपक्यांचे रंग ठरवावयाचे आणि प्रत्येक चित्रासाठी मिळणारा अवधी सेकंदाच्या साठाव्या भागाएवढाच. त्रिमितीय चित्रांचे हे काम संगणकाच्या मुख्य प्रक्रियकाकडून एकट्याने सुरळीतपणे होणे कठीण असते. त्यासाठी संगणकात ग्राफिक्स प्रक्रियक हा निराळा भाग असतो. एकाच प्रकारची असंख्य लहान गणिते एकाच वेळी करणे, हे त्याचे वैशिष्ट्य होय.

परंतु ब्राउझर व हा प्रक्रियक यांची भाषा एक नाही. त्या दोहोंमध्ये दुभाष्याचे काम करणारी आज्ञावली म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हर. ज्या शाळेत गोंडी बोलणारी मुले आहेत, तेथील शिक्षकास याचा अर्थ सहज उमगेल. मूल हुशार असते, प्रश्नही सोपा असतो. पण प्रश्नाची भाषा त्याच्यापर्यंत पोचली नाही तर उत्तर येत नाही. अशा वेळी मुलास मंद ठरविणे जसे चूक, तसेच ड्रायव्हर जुना असताना यंत्रास मंद ठरविणेही चूक आहे.

जुन्या ड्रायव्हरने गती का मंदावते

२०११ च्या मार्च महिन्यात ब्राउझरमध्ये त्रिमितीय चित्रे काढण्याचे वेबजीएल हे मानक प्रसिद्ध झाले. त्याच महिन्यात फायरफॉक्सची चौथी आवृत्तीही आली व तिने चित्रांचे काम ग्राफिक्स प्रक्रियकाकडे सोपविण्यास आरंभ केला. तेव्हा असे आढळून आले की, काही जुन्या ड्रायव्हरांमुळे ब्राउझर अकस्मात बंद पडतो. यास्तव सदोष ड्रायव्हरांची यादी करण्यात आली. क्रोममध्येही अशी यादी असते. संगणकातील ड्रायव्हर त्या यादीत आढळला, तर ब्राउझर ग्राफिक्स प्रक्रियकास बाजूस ठेवतो व शक्य तेथे तेच काम मुख्य प्रक्रियकाकडून करवून घेतो.

येथेच फसगत होते. काम थांबत नाही, केवळ संथ होते; आणि पुष्कळदा पडद्यावर कोणतीही सूचना येत नाही. तलाव भरलेला असावा, पण पाटात गाळ साचल्यामुळे बांधीत पाणी पोचू नये, तशी ही स्थिती असते. विंडोज नव्याने भरल्यावर योग्य ड्रायव्हर बसविला गेला नाही, तरीही असेच घडते. त्या वेळी संगणक 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर' या कामचलाऊ ड्रायव्हरवर चालत असतो.

दोषाची पारख

प्रथम नेटचा दोष वेगळा काढावा. कोलोरॅडो विद्यापीठात २००२ साली नोबेल पारितोषिक विजेते कार्ल वीमन यांनी आरंभिलेल्या 'फेट' या उपक्रमातील अनेक अनुकृती मराठीत उपलब्ध आहेत आणि त्या संगणकात उतरवून नेटविना चालविता येतात. नेट बंद करून अशी अनुकृती चालवावी. ती तरीही अडखळत असेल, तर तो दोष नेटचा नव्हे.

दुसरे, अनुकृती चालू असताना टास्क मॅनेजर उघडावा. मुख्य प्रक्रियकाचा आकडा शंभराजवळ व ग्राफिक्स प्रक्रियकाचा शून्याजवळ असेल, तर काम चुकीच्या खांद्यावर पडले आहे असे समजावे. विंडोज १० वर ड्रायव्हर फार जुना असल्यास ग्राफिक्सचा आलेख मुळीच दिसत नाही. तीही एक खूणच आहे.

तिसरे, क्रोमच्या सेटिंग्जमधील 'सिस्टीम' या भागात ग्राफिक्स अ‍ॅक्सिलरेशनची कळ चालू आहे की नाही, ते पाहावे. कोणी ती बंद केली असल्यास चालू करून क्रोम पुन्हा उघडावे. कदाचित एवढ्यानेच काम भागेल. कळ चालू असूनही गती येत नसेल, तर क्रोमच्या जीपीयू या माहितीपानावर वेबजीएलपुढे काय लिहिले आहे ते वाचावे. 'हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेटेड' असे असल्यास ठीक. 'सॉफ्टवेअर ओन्ली' किंवा 'डिसेबल्ड' असे असल्यास ड्रायव्हरकडे वळावे.

उपाय

डिव्हाइस मॅनेजरमधील 'डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर्स' येथे ग्राफिक्स प्रक्रियकाचे नाव आणि ड्रायव्हरची तारीख मिळते. ती वहीत लिहून घ्यावी व मग पुढील क्रम पाळावा. आधी विंडोज अपडेट करून पाहावे. त्यात ड्रायव्हर न मिळाल्यास संगणक ज्या कंपनीचा आहे तिच्या संकेतस्थळावर आपले मॉडेल शोधावे. तेथेही नसल्यास इंटेल, एएमडी किंवा एनव्हिडिया यांपैकी ज्याचा प्रक्रियक असेल त्याच्या संकेतस्थळावर जावे. फुकट ड्रायव्हर देऊ करणाऱ्या अनोळखी कार्यक्रमांच्या वाटेस जाऊ नये. त्यांतून नको ती आज्ञावली संगणकात शिरण्याचा संभव असतो.

बदलापूर्वी रिस्टोअर पॉइंट करून ठेवावा. वीज जाण्याचा संभव असेल त्या वेळी व पाठ चालू असताना हे काम करू नये. एका वेळी एकच बदल करावा, संगणक रीस्टार्ट करावा व तीच अनुकृती पुन्हा चालवून पाहावी. दोन बदल एकदम केले, तर गुण कशाने आला हे कळत नाही. नव्या ड्रायव्हरने बिघाड वाढल्यास 'रोल बॅक' या सोयीने पूर्वीचा ड्रायव्हर परत आणता येतो.

या उपायासही मर्यादा आहेत. फार जुन्या प्रक्रियकांसाठी कंपन्या नवे ड्रायव्हर काढीत नाहीत. विंडोज ७ व ८.१ वर क्रोमची १०९ ही शेवटची आवृत्ती ठरली आणि विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. अशा संगणकावर लिनक्स बसविण्याचा विचार जाणकाराच्या साहाय्याने करता येईल, कारण त्यात इंटेल व एएमडीच्या प्रक्रियकांचे ड्रायव्हर बहुधा प्रणालीबरोबरच येतात. तेही शक्य नसेल, तर पडद्याचे ठिपके कमी करावेत. १९२० गुणिले १०८० ऐवजी १२८० गुणिले ७२० ठेवल्यास काम निम्म्याहूनही कमी होते. शिवाय अनावश्यक टॅब बंद करावेत आणि त्रिमितीय अनुकृतीऐवजी साधी द्विमितीय अनुकृती निवडावी.

प्रत्येक शाळेने एका वहीत संगणकाचे मॉडेल, ग्राफिक्स प्रक्रियकाचे नाव, ड्रायव्हरची तारीख, आढळलेला दोष आणि केलेला उपाय यांची नोंद ठेवावी. बदली होऊन येणाऱ्या शिक्षकास ती उपयोगी पडेल आणि केंद्रातील शेजारच्या शाळेसही तीतून मार्ग सापडेल. कोणताही संगणक निर्लेखनासाठी प्रस्तावित करण्यापूर्वी मुख्याध्यापकांनी ही वही एकवार पाहावी. वर सांगितलेली पारख झालीच नसेल, तर ती आधी करून घ्यावी आणि मगच प्रस्तावावर स्वाक्षरी करावी.