परराज्यातील तयार घर आणि किरायाचे उत्पन्न



समाजकल्याणाच्या व्यासपीठावरून घरखरेदीचा विषय कशाला, असे काहींना वाटेल. पण थोडा विचार केला तर हा विषय आपल्या दारापर्यंत आलेला आहे. आपल्या वस्तीतील कोणी रेल्वेतून निवृत्त होतो, कोणी आयुध निर्माणीतून, कोणी कोळसा खाणीतून, कोणी शाळेतून. तीस-पस्तीस वर्षांच्या श्रमाचा भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी काही दिवसांच्या अंतराने खात्यात जमा होते. पुष्कळ कुटुंबांच्या बाबतीत, आजोबांपासून आजपर्यंत एवढी रक्कम घरात पहिल्यांदाच आलेली असते. आणि नेमक्या त्याच वेळी फोन येतो : "रायपूरला तयार फ्लॅट आहे. हैदराबादला तयार फ्लॅट आहे. रंग झाला आहे, पंखे लागले आहेत, भाडेकरूसुद्धा राहतो आहे. तुम्ही फक्त सही करा आणि दर महिन्याला किराया घ्या."

हा प्रस्ताव वाईटच असतो असे आम्ही म्हणत नाही. नोकरीनंतर दरमहा काही उत्पन्न यावे, मुलांच्या नावे एखादी वास्तू राहावी, ही इच्छा योग्यच आहे. परंतु ज्या पैशाला दुसऱ्यांदा कमावण्याचे वय उरलेले नाही, तो पैसा घालण्याआधी चार गोष्टी समजून घेतल्या पाहिजेत. तेवढ्याचसाठी हे व्याख्यान.

पहिली गोष्ट अंतराची. नागपूर देशाच्या मध्यभागी असल्यामुळे परराज्य आपल्याला जवळ आहे. भंडारा रोडने निघाले की रायपूर पावणेतीनशे-तीनशे किलोमीटर, हैदराबाद सुमारे पाचशे. उलट २०२५ साली पूर्ण झालेला समृद्धी महामार्ग एकटाच ७०१ किलोमीटरचा आहे. म्हणजे आपल्याच राज्याच्या राजधानीपेक्षा शेजारच्या दोन राज्यांच्या राजधान्या आपल्याला जवळच्या. म्हणून तिकडे घर घेण्यात धोका अंतराचा तेवढा नाही, जेवढा सीमेचा आहे. सीमा ओलांडली की मुद्रांक शुल्काचा दर बदलतो, भाड्याचा कायदा बदलतो, जमिनीच्या कागदांची नावे बदलतात, आणि अनेकदा त्या कागदांची लिपीही बदलते. आपल्याकडे आपण सातबारा आणि सूची क्रमांक दोन पाहतो. मध्य प्रदेश व छत्तीसगडमध्ये खसरा आणि बी-१ पाहावे लागतात. तेलंगणात मालमत्तेवरील बोजाचा दाखला, ज्याला तिकडे ई.सी. म्हणतात, तो काढावा लागतो. जो कागद आपल्याला वाचता येत नाही, त्यावर दुसऱ्याच्या भरवशाने सही करणे म्हणजे डोळे मिटून विहिरीत उतरणे होय.

कागदाचे महत्त्व पूर्व नागपूरच्या माणसाला निराळे सांगायला नको. शेतजमिनीवर ले-आउट पडले, गृहनिर्माण संस्थांच्या पावत्यांवर प्लॉट विकले गेले, घरे उभी राहिली, आणि मग नियमितीकरणासाठी नासुप्रच्या कार्यालयात वर्षानुवर्षे खेटे घालावे लागले. १९०० आणि ५७२ ले-आउट हे शब्द आपल्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असतात. २००१ साली गुंठेवारीचा कायदा झाला तो अशाच वस्त्यांसाठी. हे सारे आपल्या डोळ्यांसमोर, आपल्याच शहरात घडले. इथे निदान सकाळी सायकल काढून कार्यालयात जाता येत होते. पाचशे किलोमीटरवर तीच अडचण आली तर काय होईल, याचा विचार प्रत्येकाने करावा.

दूरच्या जमिनीच्या भरवशावर सामान्य माणसाचे काय होऊ शकते याचे देशातील मोठे उदाहरण पी.ए.सी.एल. कंपनीचे आहे. शेतजमीन देऊ, तिचा विकास करू, असे सांगून या कंपनीने देशभरातील लहान बचतदारांकडून पैसा गोळा केला. ऑगस्ट २०१४ मध्ये सेबीने ४९,१०० कोटी रुपये परत करण्याचा आदेश दिला, तेव्हा गुंतवणूकदारांची संख्या सुमारे ५ कोटी ८५ लाख होती. पुढे फेब्रुवारी २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने माजी सरन्यायाधीश आर. एम. लोढा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. जमिनी विकून पैसे परत करण्याचे ते काम वर्षानुवर्षे चालले. नोंदणीकृत खरेदीखताने घेतलेला फ्लॅट आणि अशी योजना यांत मोठा फरक आहे हे खरे. पण दोन्हीकडे सुरुवात एकाच वाक्याने होते : "तुम्हाला यायची गरज नाही, आम्ही सगळे पाहतो."

दुसरी गोष्ट हिशोबाची. विकणारा आपल्याला किरायाचा आकडा सांगतो, हातात काय उरते ते सांगत नाही. समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. ४० लाखांचा फ्लॅट आहे आणि भाडे महिना १२ हजार. वर्षाचे १ लाख ४४ हजार, म्हणजे ३.६ टक्के. आता खर्च धरा. मुद्रांक, नोंदणी, वकील, प्रवास व किरकोळ सामान मिळून साडेतीन लाख गेले, तर घर पडले साडेत्रेचाळीस लाखांना. वर्षातून एक महिना घर रिकामे राहिले, तर भाडे आले १ लाख ३२ हजार. सोसायटीची देखभाल १८ हजार, घरपट्टी ६ हजार, देखरेख करणाऱ्याचा मेहनताना १२ हजार, रंग-नळ-दुरुस्ती १२ हजार, आपल्या दोन फेऱ्या ८ हजार. एकूण खर्च ५६ हजार. उरले ७६ हजार. साडेत्रेचाळीस लाखांवर हे जेमतेम पावणेदोन टक्के झाले, आणि आयकर अजून धरलेला नाही.

हाच फ्लॅट कर्जाने घेतला तर? ३० लाखांचे कर्ज, साडेआठ टक्के व्याज, २० वर्षे मुदत. हप्ता महिना सुमारे २६ हजार. वर्षाचे ३ लाख १२ हजार. त्यातून भाड्याचे ७६ हजार वजा केले तरी दरमहा साडेएकोणीस हजारांच्या वर रक्कम आपल्या खिशातून जाणार. "किरायातून हप्ता फिटतो" हे वाक्य या हिशोबावर घासून पाहावे. किमती वाढतील, भाडे वाढेल, हे शक्य आहे. पण त्या आशेवर निवृत्त माणसाची चूल पेटत नाही. आकडे प्रत्येक गावी निराळे येतील, पद्धत हीच राहील. वहीच्या एका पानावर हा हिशोब मांडल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये.

याच ठिकाणी "हमीच्या भाड्या"विषयी बोलले पाहिजे. काही बिल्डर दोन वर्षे ठराविक भाडे देण्याची हमी देतात. समजा महिना १० हजारांची हमी दिली. दोन वर्षांचे झाले २ लाख ४० हजार. आणि फ्लॅटची किंमत मात्र शेजारच्या तशाच फ्लॅटपेक्षा ३ लाखांनी जास्त लावली. मग ते भाडे कोणी दिले? आपलेच पैसे आपल्याला हप्त्याने परत मिळाले, शिवाय ६० हजार त्याच्याकडे राहिले. दोन वर्षांनंतर खरे भाडे किती मिळेल, हे त्याच इमारतीतील दुसऱ्या भाडेकरूला विचारल्याशिवाय कळत नाही.

तिसरी गोष्ट कायद्याची. २०१६ चा रेरा कायदा २०१७ पासून पूर्णपणे अमलात आला. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडावरील किंवा आठपेक्षा अधिक सदनिकांच्या प्रकल्पाची नोंदणी साधारणपणे बंधनकारक आहे. प्रत्येक राज्याचे रेरा प्राधिकरण वेगळे, म्हणून महारेराच्या यादीत रायपूरचा प्रकल्प सापडणार नाही. त्या त्या राज्याच्या संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक टाकून पाहावा. नोंदणीकृत करारनामा झाल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. क्षेत्रफळ चटईचेच धरावे. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातील मूलभूत दोष निघाले तर ते दुरुस्त करणे बिल्डरवर बंधनकारक आहे. मात्र घराला भाडेकरू मिळेल की नाही, याची हमी रेरा देत नाही.

मुखत्यारपत्रावर घर घेऊ नये. केवळ मुखत्यारपत्र आणि करारनामा यांवरून मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले आहे. तसेच घर सांभाळण्यासाठी तिकडच्या माणसाला मुखत्यारपत्र द्यावेच लागले, तर ते ठराविक कामापुरते द्यावे. विकण्याचा किंवा गहाण ठेवण्याचा अधिकार त्यात कधीही लिहू नये. जुन्या मालकीचा शोध अहवाल आपण नेमलेल्या वकिलाकडून घ्यावा, विकणाऱ्याच्या वकिलाकडून नव्हे. बँकेने कर्ज मंजूर केले म्हणजे कागद निर्दोष, असे समजू नये. भोगवटा प्रमाणपत्र पाहावे. आणि मध्य प्रदेश-छत्तीसगडमध्ये मुळात ती जमीन आदिवासीची होती काय, हे अवश्य तपासावे. अशा जमिनीच्या हस्तांतरणावर कायद्याची कडक बंधने आहेत. आणि कायद्याच्याही आधी, दुसऱ्या वंचिताची जमीन हिरावून आपले उत्पन्न उभे राहू नये, ही आपली स्वतःची अट असली पाहिजे.

भाडेकराराचा नियमही राज्याप्रमाणे बदलतो. महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायदा १९९९ प्रमाणे करार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. केंद्राने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायदा मंजूर केला, पण तो ज्या राज्याने स्वीकारला तिथेच लागू होतो. आयकरात भरलेली घरपट्टी वजा होते आणि उरलेल्या भाड्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते. घर ५० लाख किंवा त्याहून अधिक किमतीचे असेल तर १ टक्का कर कापून भरण्याची जबाबदारी खरेदीदाराची असते.

आता सुरुवात कशी करावी? आम्ही पाच पायऱ्या सुचवितो. एक, त्या शहरात दोनदा जावे, त्यातले एकदा भर पावसात. गळती, रस्ता आणि पाणी तेव्हाच कळते. दोन, विकणारा सोबत नसताना इमारतीतील तीन कुटुंबांशी बोलावे. तीन, सध्याच्या भाडेकरूचा करार आणि त्याच्या भाड्याच्या बँकेतील नोंदी पाहाव्यात. चार, देखरेख करणाऱ्याचे काम व मेहनताना लेखी ठरवावा. पाच, सहा महिन्यांचा खर्च आणि हप्ते वेगळे ठेवूनच व्यवहार करावा. निवृत्तीची सगळी रक्कम एका घरात घालू नये. यातील एकही पायरी जमत नसेल, तर नागपुरातच, जिथे आपण स्वतः जाऊन पाहू शकतो, तिथे लहान घर पाहावे, अथवा पैसा बँकेत वा टपाल खात्यात सुखाने राहू द्यावा. न घेणे हाही एक निर्णय आहे.

कळमन्याच्या बाजारातला व्यापारी संत्र्याचा ढीग फोटो पाहून घेत नाही. वरचे फळ चांगले दिसले तरी तो हात घालून खालचे काढतो, आणि अडत किती ते आधी ठरवतो. पाच-पन्नास हजारांच्या मालाला जी दक्षता, ती जन्मभराच्या कमाईला का नको?

विद्यार्थी मित्रांनो, यात तुमचे काम मोठे आहे. वाणिज्य व विधी शाखेच्या मुला-मुलींनी रेराचे संकेतस्थळ पाहणे, शोध अहवाल वाचणे, हिशोबाचे पान मांडणे शिकून घ्यावे. आपल्या वस्तीत दहा मुले-मुली कागद वाचणारी तयार झाली, तर कितीतरी घरांची पुंजी वाचेल. घरातील स्त्रीचे नावही खरेदीखतात असावे. सही करण्याआधी तिने प्रश्न विचारावेत, आणि उत्तर मिळाल्याशिवाय सही होऊ नये.

चौथी आणि शेवटची गोष्ट घरमालक म्हणून आपल्या वागणुकीची. १९१७ साली विदेशातून उच्च शिक्षण घेऊन आलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना बडोद्यात राहायला जागा मिळाली नाही. पारशी विश्रामगृहातूनही त्यांना बाहेर काढण्यात आले. नोकरीसाठी परगावी गेलेल्या आपल्या मुलांना आजही घर पाहताना आधी आडनाव विचारले जाते. म्हणून उद्या रायपुरात किंवा हैदराबादेत आपल्या मालकीचे दार असेल, तर त्या दारात येणाऱ्याला आपण जात, धर्म किंवा ताटातले अन्न विचारू नये. करार विचारावा, ओळखपत्र विचारावे, भाडे वेळेवर देण्याची ऐपत विचारावी. त्याची अनामत रक्कम जाताना प्रामाणिकपणे परत करावी. उत्पन्न थोडे कमी आले तरी चालेल, पण ज्या दारातून आपल्याला परत फिरवले गेले तसले दार आपल्या हातून बांधले जाऊ नये.